पातळ झालेल्या चपला

पुसदच्या त्या दोन वर्षांत मी रबरी चपलांचे सात जोड झिजवले आणि त्यांतला एकही माझा नव्हता. सगळे माझ्या घरमालक काकांचे. बाजारातून नवा जोड आणायचा, माझ्या दारात ठेवायचा आणि वर बजावायचं, "सर, तीन महिने घाला. अन् पाय उचलून नोका चालू, घासून चाला." तीन महिन्यांनी तळ पातळ झाला, टाचेशी अगदी पापडासारखा झाला, की ते तो जोड काढून घ्यायचे, बोटांनी दाबून पाहायचे आणि खूश होऊन स्वतःच्या पायात चढवायचे. तोवर त्यांच्या पायातल्याला भोक पडलेलं असायचं. मग पुढचा नवा जोड माझ्या दारात.

सुरुवातीला मला वाटलं, माणूस चक्रम आहे. शेवटी शेवटीही तेच वाटायचं, फक्त तोवर मला त्या चक्रमपणाचा लळा लागला होता.

मी नाशिककडचा. पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला आलो आणि खोली शोधत पाण्याच्या टाकीजवळच्या त्यांच्या घरी पोचलो. सत्तरीचे, काटक, डोक्याला टोपी, आणि हातात काठीऐवजी छातीएवढी उंच लोखंडी चावी. ही चावी कुलपाची नव्हे. रस्त्याखालच्या पाइपांचे व्हॉल्व्ह उघडायची. तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडण्याचं काम केलं होतं. निवृत्त होताना चावी जमा करायची असते. काकांनी तुटलेली एक जुनी चावी जमा केली आणि ही ठेवून घेतली. हे ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना अजिबात लाजायचे नाहीत.

खोली मी पसंत केली. काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गाव पाह्यलं का?"

"पाहिलं ना. काल मोटारसायकलवर चक्कर मारली."

"थे पाह्यनं नाई, सर. थे ओलांडनं झालं." मग मी काय शिकवतो हे कळल्यावर त्यांनी कपाळालाच हात लावला. "भूगोल शिकवता अन् गावाचा उतार कोन्या अंगाले हाये थे ठाव नाई? मंग पोरायले काय सांगता, आफ्रिकेचं?"

त्यांची अट एकच होती. येत्या रविवारी दिवसभर त्यांच्याबरोबर पायी गाव फिरायचं, आणि मगच खोलीची किल्ली मिळेल. मी रविवारपर्यंत लॉजवर राहिलो. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दुसरी खोली बघ. पण मलाही तेव्हा काय हट्ट चढला होता कोण जाणे.

त्या रविवारचे नियम काकांनी टाकीखाली उभे राहून सांगितले. पाणी जातं तसं चालायचं, म्हणजे टाकीपासून निघून उताराउताराने नदीपर्यंत. घाई करायची नाही. "किती राह्यलं" विचारायचं नाही. कुणी बस म्हटलं की बसायचं. चहा अर्धाच घ्यायचा, कारण पुढे आणखी आठ जण चहा देणार असतात. आणि कोणत्याही गल्लीत शिरलो तर शेवटच्या घरापर्यंत जायचं, मधूनच परत फिरायचं नाही.

आम्ही सकाळी तर्रीचे पोहे खाऊन निघालो ते संध्याकाळी परतलो. अंतर असेल तीन-चार किलोमीटर. बेकरीवाले चाचा "सलाम भाई" म्हणाले आणि गरम नानकटाई हातावर ठेवली. सायकल दुरुस्तीवाल्याने "जय भीम काका" म्हणत पाट सरकवला. भाजी विकणारी एक बंजारा म्हातारी होती, तिला सगळा बाजार याडी म्हणायचा, याडी म्हणजे आई. ती स्वतः काकांहून दोनचार वर्षांनी लहान असेल, पण काकाही तिला याडीच म्हणायचे. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "हा नवा कोन?" काका म्हणाले, "भूगोलाचे सर हायेत. त्यायले गाव दाखवून राह्यलो." याडीने माझ्या पिशवीत सांबाराची जुडी टाकली. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे मला त्या जुडीनेच शिकवलं.

मधूनच काका थांबायचे, पायाने धूळ बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "हा पाह्य." खाली लोखंडी झाकण असायचं, त्याखाली व्हॉल्व्ह. कोणता किती आटे फिरवायचा, कोणता जुना झाला होता, कोणता रुसायचा, सगळं त्यांना तोंडपाठ. नोकरीत असताना पहाटे अंधारात निघावं लागायचं. झाकणं चिखलात, कचऱ्यात दडलेली. ती ते पायांनी शोधायचे. म्हणून पातळ चपला. "नवी चप्पल म्हंजे आंधळी चप्पल, सर. तिले काईच दिसत नाई." अनवाणी का नाही, असं मी विचारलं. "मे महिन्यात एकडाव चालून पाहा," ते म्हणाले.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती मला त्यांनी नव्हे, त्या सायकलवाल्याने सांगितली. पाणी सोडणारा माणूस वेळ झाली की व्हॉल्व्ह बंद करून पुढे जातो. काका तसं करत नसत. ते आधी गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जायचे. सुरुवातीच्या घरांत मोटारी, टाक्या. शेवटच्या घरी नळाला सुतळीएवढी धार. दारात उभं राहून काका विचारायचे, "भरला का हंडा?" आतून "भरला" ऐकू आलं की मागे फिरायचे आणि मगच चावी लावायचे. उशीर होतो म्हणून साहेबांची बोलणी खायचे, पण रीत सोडली नाही. सायकलवाल्याचं घर अशाच एका गल्लीत शेवटचं होतं. त्याची आई वारली त्याच्या दुसऱ्या दिवशीही काका दारात येऊन हंड्याचं विचारून गेले होते. त्या दिवशी आमच्या घराशी बोललेला तो पहिला माणूस, असं तो म्हणाला आणि चाकाचा आरा पिळत राहिला.

त्या संध्याकाळी मला किल्ली मिळाली, आणि किल्लीबरोबर चपलांचा पहिला जोड. माझा नि त्यांचा पाय एका मापाचा होता. नंतर माझ्या मनात आलं, खोली मला गाव पाहिल्यामुळे मिळाली की पायाच्या मापामुळे? ते मी कधी विचारलं नाही.

पुढे जवळजवळ प्रत्येक रविवारी आम्ही असेच फिरलो. माझी मोटारसायकल अंगणात गंजायला लागली. आणि तिच्यामुळेच मला ते कळलं.

दुसरं वर्ष लागलं होतं. एका सकाळी मी गाडी धुवायला नेहमीच्या जागेवरून चार हात पुढे घेतली. काका ओट्यावरून उतरले, ताठ चालत आले आणि सरळ गाडीवर आदळले. भर उजेडात. गुडघा फुटला. मी हळद लावत होतो आणि ते गाडीवरच चिडले होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"सर, कोनाले सांगायचं नाई."

काचबिंदू होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाने जेवढी उरली तेवढी नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. "पाइपातून पाह्यल्यावानी दिसते," काका म्हणाले. "आंधी चार इंची पाइप होता. आता अर्ध्या इंचीचा राह्यला."

मला सगळं एकदम उमगलं. वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला का लावायचे, चहाचा कप आधी बोटाने का चाचपायचे, आणि चपला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या झाकणांवरूनच ते गाव ओळखत होते. कोणत्या झाकणानंतर किती पावलांवर वळायचं, हे त्यांच्या तळव्यांना माहीत होतं. मी तीन महिने चपला झिजवत होतो म्हणजे त्यांचे डोळे तयार करत होतो, आणि मला पत्ताही नव्हता. मला त्या दिवशी फार रडू आलं. ते मी गाडी धुण्याच्या निमित्ताने उरकलं.

मुलाला कळू द्यायचं नाही, ही त्यांची शपथ. काकू गेल्यापासून मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता. चाळिशीतला, शांत, बापावर जीव असलेला माणूस. पण पुण्याचं नाव काढलं की काका म्हणायचे, "तिथं चौथ्या माळ्यावर पानी आपोआप येते. मी तिथं काय करू?" गावात हे गुपित एकट्या मला ठाऊक आहे याचा मला थोडा अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोलू, बराच वाटायचा.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. आमच्या संस्थेने माझी बदली नेरच्या शाखेत केली. आणि मुलाला, सुट्टीत आला असताना, कपाटात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या सापडल्या. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. ओट्यावर बापासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, आता सरही चालले. कुठे पडलात तर मला कोण कळवणार?"

"पडत नाई मी."

"मग दाखवा. रविवारी टाकीपासून नदीजवळच्या शेवटच्या नळापर्यंत एकटे चालून दाखवा. आम्ही मागून येतो. पडलात, रस्ता चुकलात किंवा कुणाला विचारलंत, तर सोमवारी माझ्यासोबत पुण्याला. पोचलात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मला वाटलं काका भडकतील. पण त्यांनी हात पुढे केला. "मंजूर. सर साक्षीदार." दिलेला शब्द मोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि मुलाला ते ठाऊक होतं.

रविवारी आभाळ आलेलं होतं, पाऊस नव्हता. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं, मी नुकताच झिजवून दिलेला जोड पायात घातला. पुढचा नवा जोड खुंटीला टांगलेला होता. तो घालायला आता मी नसणार होतो. तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

ते निघाले. आम्ही वीस पावलं मागे. अर्धं गाव त्यांनी असं पार केलं की मुलगा मला हळूच म्हणाला, "सर, यांना खरंच दिसत नाही ना?" चावी टेकत, मधे थांबून हवा खात, एका ओट्यावर बसून अर्धा चहा घेऊन, सगळं रोजच्यासारखं. मला हसू येत होतं. मला ते जिंकायला हवे होते. मी जाणार होतो तरी ते इथेच राहायला हवे होते, यात माझा काय स्वार्थ होता मला आजही सांगता येत नाही.

बाजाराच्या रस्त्यावर त्यांना तिसऱ्या झाकणानंतर डावीकडे वळायचं होतं. एक झाकण झालं. दुसरं झालं. आणि मला आठवलं. त्याच आठवड्यात केबल टाकणाऱ्यांनी तिथे एक नवं झाकण बसवलं होतं. मी ते रोज कॉलेजला जाता-येता पाहत होतो, पण काकांना सांगायचं सुचलं नव्हतं. भूगोलाचे सर! काकांचा पाय त्या नव्या झाकणावर पडला. ते मनात "तीन" म्हणाले असणार. सावकाश पावलं मोजत ते डावीकडे वळले, एक गल्ली आधी. त्या गल्लीत नालीसाठी कमरेएवढा खड्डा खणून ठेवलेला होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मुलगा पळायला लागला. मधे भाजीच्या गाड्या, माणसं. आणि तेवढ्यात मागच्या बाजूने याडीचा खणखणीत आवाज आला.

"वांगी घ्या वांगी! काटेरी वांगी!"

काकांचा उचललेला पाय तसाच राहिला. याडीची जागा पुढच्या, म्हणजे बरोबर गल्लीच्या तोंडाशी होती. तिचा आवाज समोरून यायला हवा होता, तो पाठीमागून उजव्या अंगाने आला. त्यांनी चावी पुढे करून जमीन चाचपली. ती हवेत गेली. ते एक क्षण उभे राहिले, मग स्वतःशीच हसले, मागे फिरले आणि आवाजाच्या दिशेने चालत बरोबर गल्लीत शिरले.

मुलगा धापा टाकत थांबला. आणि मग त्याने जे पाहिलं ते मी दोन वर्षं पाहत असून मला दिसलं नव्हतं. याडीसमोर एकही गिऱ्हाईक नव्हतं. ती ओरडली ती कुणासाठी? नजर तर अजून काकांवरच होती. काका पुढे गेले तशी सायकलवाल्याने घंटी दोनदा वाजवली. त्याच्या हातात सायकल नव्हती, नुसती घंटीच होती. पुढे चाचांनी रिकामा ट्रे ओट्यावर आपटला आणि "सलाम भाई!" म्हणाले. प्रत्येक वळणावर कुणीतरी खाकरत होतं, हाक देत होतं, शटर वाजवत होतं. मी याला इतके दिवस बाजाराचा गोंगाट समजत होतो.

"सर, तुम्ही यांना सांगून ठेवलंत?" मुलाने विचारलं.

"शपथ घेतली होती हो मी. कुणालाच सांगितलं नाही."

तो याडीसमोर जाऊन बसला. "आजी, तुम्हाला कधी कळलं?"

"दोन सालं झाले." ती वांगी नीट लावत राहिली. "कोनी कायले सांगा लागते? पह्यले थो आमच्या दारावर येऊन पाहे, हंडा भरला का नाई. आता आमी पाह्यतो, थो पोचला का नाई." मग तिने आवाज उतरवला. "त्याले सांगू नोको पन. त्याले वाटते, कोनालेच ठाव नाई."

शेवटच्या नळाशी काका आमची वाट पाहत उभे होते. शेवटच्या घरातल्या बाईने तांब्या भरून दिला होता. तो त्यांनी मुलाच्या हाती दिला. मुलगा गटागटा प्यायला. 

"बाबा, पोचलात की."

"पोचलो. पन एक गल्ली चुकलो, बापू. तू पाह्यलं, सरायनं पाह्यलं." काकांनी तोंड पुसलं. "झाकनं मोजाले चुकलो का काय, कळलंच नाई. शब्द होता. येतो मी पुन्याले."

त्या संध्याकाळी काकांनी स्वतः पिशवी भरली. दोन धोतरं, बंड्या, थेंबांची बाटली. चावी पिशवीत मावेना, म्हणून ती माझ्याकडे दिली. "नेरले घेऊन जा. तिथं उतार कोन्या अंगाले हाये थे पाहा." मी चावी घेतली आणि माझ्या खोलीत जाऊन बसलो. मुलगा मागून आला. चावी उचलून बघितली. म्हणाला, "सर, पुण्यात आमच्या समोरच्या दारावर पाटी आहे. आठ वर्षं झाली. मी अजून वाचली नाही."

सोमवारी सकाळी काका ओट्यावर तयार होऊन बसले होते. टोपी, पिशवी मांडीवर, पायात त्या पातळ चपला. मी जवळ उभा होतो. आतून मुलाची पावलं आली आणि काकांनी मान वर केली.

"सर, नव्या चपलेचा आवाज येऊन राह्यला. कोनं घातली?"

मुलगा दारात होता. इस्त्रीची पँट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि पायात खुंटीवरचा नवा रबरी जोड. त्याचा पाय बापापेक्षा मोठा होता, टाचा मागे दोन बोटं बाहेर आल्या होत्या. त्याने वाकून बापाच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "सर, ही आत ठेवा. आणि चावी इथेच राहू द्या."

"मी घातली, बाबा," तो म्हणाला. "तीन महिने लागतात ना? दसऱ्याला घेऊन येतो."

 काकांनी हात पुढे केला, मुलाच्या पायापर्यंत नेला, बाहेर आलेली टाच चाचपली, मग चपलेचा जाड तळ दाबून पाहिला.  मी पिशवी छातीशी धरून उभा होतो आणि मला आत जायचं भानच नव्हतं.

मुलगा अंगणातून रस्त्यावर गेला. चार पावलं गेला असेल, तोच काका ओट्यावरून ओरडले,

"उचलून कायले चालतं बे? घासून चाल! अशानं दिवाळी लागन!"

तो थांबला, मागे वळून हसला, आणि पाण्याच्या टाकीपासून उताराने बस स्टँडकडे, चपला फरफर घासत निघाला.